बेळगाव ते बोरगाव, सहाशे अठ्ठेचाळीस रुपये

बाळांनो,

तुमच्या पत्रात होतं, की बाबाची गाडी दोन दिवस गॅरेजात होती, तिचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलावा लागला आणि बिल पाहून आई संध्याकाळभर कुणाशी बोलली नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे याला किती पैसे पडतात?" हा प्रश्न तुम्ही महिन्यापूर्वी विचारला असता, तर मला त्यातलं काहीही कळलं नसतं. आता मात्र मी पैशापर्यंत सांगू शकते. सहाशे अठ्ठेचाळीस रुपये. त्यातले साठ रुपये इतर कोणाला पडणार नाहीत, ते तुमच्या आजीलाच पडले. ते का, हे सांगण्यासाठी मला तुम्हाला बेळगावहून बोरगावला न्यावं लागेल. बोरगाव निपाणीच्या पलीकडे आहे. तुमच्या शाळेतल्या नकाशात बेळगावच एका टिंबाएवढं असेल, तेव्हा बोरगाव शोधत बसू नका.

आधी थोडं घरातलं सांगते. मी गाडी शिकले ती शाळेतून निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी. फंडाचे पैसे आले, नाव नोंदवलेली छोटी पांढरी गाडी पंच्याऐंशी साली मिळाली, आणि मी सकाळी मंडईत आणि संध्याकाळी वाचनालयात ती नेऊ लागले. तुमचे आजोबा मात्र त्या गाडीत कधी बसले नाहीत. चारचौघांत ते म्हणत, "माझा हिच्यावर विश्वास आहे, गाडीवर नाही." घरात ते याच्या उलट म्हणत.

या जानेवारीत माझ्या धाकट्या भावाच्या, बाळूच्या, बोरगावच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. रविवारचा मुहूर्त होता. मी जाहीर केलं, की आक्काला घेऊन मी स्वतः गाडीनं जाणार. आजोबा जन्मभर कोर्टाच्या कचेरीत होते, त्यांनी लगेच अट घातली. वाटेत अडलीस आणि मदतीसाठी घरी कळवावं लागलं, तर किल्ली माझ्याकडे द्यायची आणि ड्रायव्हर ठेवायचा. मी म्हटलं, मान्य. तोंडी गोष्टी मला चालत नाहीत, म्हणून ती अट मी स्वतःच कागदावर लिहून खाली सही केली. सही कोणी मागितली नव्हती. ते स्वतः रविवारी बसनं येणार होते. बाळूच्या आहेराचे पाचशे एक रुपये त्यांनी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलं.

शुक्रवार, तवंदी

सातला निघायचं ठरलं होतं आणि आम्ही सातला निघालो. आक्का आदल्या दिवशी गुंजीहून रेल्वेनं आली होती. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिनं शेतावर आयुष्य काढलं, मी फळ्यासमोर. तिच्या सामानात नव्या तांदळाची पिशवी आणि दोन लुगडी होती. माझ्या सामानात कुंद्याच्या मिठाईचे दोन डबे, गाडीचं इंग्रजी माहितीपुस्तक, प्रवासाची वही आणि त्या वहीत सामानाची यादी होती.

संकेश्वरला आम्ही इडली खाल्ली. मी माझ्या जपून बोलायच्या कन्नडात मागवली, तर वेटरनं मला मराठीत उत्तर दिलं. आक्कानं मराठीत चटणी मागितली, तिला त्यानं कन्नडात विचारलं, की तिखट चालेल का. दोघींनाही काही खटकलं नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. समोरच्याची भाषा ओळखून आपण तिच्याकडे जातो आणि तोही आपल्याकडे यायला निघालेला असतो. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती. आक्कानं खिडकीतून हात बाहेर काढून एक कांडं ओढून घेतलं. मी तिला रागावले, आणि त्यातलं अर्धं खाल्लं.

कणगल्याच्या अलीकडे इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकू लागला. अशा वेळी कोणताही माणूस गाडी बंद करून इंजिन निवू देतो. मी वहीत नोंद केली: नऊ दहा, काटा मध्यावर. नऊ वीस, काटा पाऊणच्या वर. मध्येच थांबून लिहायचं, पुन्हा निघायचं. लिहून ठेवलेल्या गोष्टी हाताबाहेर जात नाहीत, असा माझा तीस वर्षांचा समज होता. तवंदीच्या घाटाच्या माथ्यावर आक्का म्हणाली, "कुसे, लिवत काय बसलीस? पुढनं वाफ येतीया."

बॉनेटखालून खरोखर वाफ येत होती. आक्का पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन धावली. मी माहितीपुस्तक उघडून तिला वाचून दाखवलं, की इंजिन गरम असताना झाकण उघडू नये. ती कळशी घेऊन झाडाखाली बसली आणि म्हणाली, बुकाला विचार, तहान लागली तर पिऊ का. तासाभरानं पाणी भरलं, तर ते खालून गळू लागलं. एका लॉरीवाल्यानं थांबून पाहिलं आणि सांगितलं, की खाली निपाणीत शिरतानाच लक्ष्मण मिस्त्रीचं गॅरेज आहे, सगळा उतारच आहे, हळू सोडत न्या.

आम्ही तशा उतरलो. निपाणीच्या माळावर तंबाखू वाळत घातलेली होती, जमीन तपकिरी रंगाची दिसत होती. पहिली शिंक मला आली, दुसरी आक्काला. गावात पोचेपर्यंत आम्ही आळीपाळीनं शिंकत होतो. निपाणीच्या लोकांना यातलं काही होत नाही, ते आपल्याकडे बघून ओळखतात, की पाहुणे आले.

शुक्रवार दुपार, निपाणी

लक्ष्मण मिस्त्री चाळिशीचा, जाड बोटांचा, हळू बोलणारा माणूस. तंबाखूच्या वखारीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, तेच त्याचं गॅरेज. लॉऱ्या, मोठ्या गाड्या आणि विहिरीवरची इंजिनं यांची कामं तो एकटा करत असे. आमची गाडी पाहून तो उठला नाही. आधी हातातली तंबाखू मळून झाली, मग चुन्याची डबी खिशात गेली, मग तो उठला. बॉनेट उघडलं, पंपाचं चाक धरून हलवलं, तर ते लुळं पडलं होतं. मग बाहेरच्या पट्ट्यावर अंगठा दाबला.

"ह्यो पट्टा कुणी ताणलाय?"

मी माहितीपुस्तकाची पानं उलटू लागले. तुम्हाला सांगते. इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टा असतो, तो इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरवतो. तो अंगठ्यानं दाबला तर थोडा आत गेला पाहिजे, असं माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण मला सैल वस्तू बघवत नाहीत. उशीचा अभ्रा असो, सुतळी असो, की मुलांची शिस्त असो. पंधरवड्यापूर्वी गल्लीतल्या सायकलवाल्याकडून मी तो पट्टा ताणून घेतला होता, टिचकी मारली की वाजेपर्यंत.

"हिनंच," आक्का म्हणाली. "बाज आवळल्यागत आवळून घेतलाय. मी गुंजीसनं आल्या आल्या दाखवला मला."

मिस्त्रीनं समजावून सांगितलं. ताणामुळे पंपाचं बेअरिंग गेलं. पाणी गळलं ते आतल्या झाकणात शिरलं. त्या झाकणाखाली दुसरा, दात्यांचा पट्टा असतो, तो इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका चालीत फिरवतो. तो भिजून फुगला होता, तोही बदलायला हवा. शिवाय तो काढल्याशिवाय पंप निघतच नाही. निपाणीत या दोन्ही वस्तू मिळत नाहीत, कोल्हापूरला मिळतात. मग तो थोडा थांबून म्हणाला, की अशा गाडीचं हे काम त्यानं अजून केलेलं नाही. मोठ्या गाड्यांना आत साखळी असते, साखळी असती तर डोळे झाकून केलं असतं. "बेळगावला फोन करा बाई. तिथला मेकॅनिक ईल. तुमास्नीबी बरं, मलाबी बरं."

फोन करायचा म्हणजे पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा, घरी आजोबा फोन उचलणार, आणि किल्ली गेली. मी मिस्त्रीला अटीचं सगळं सांगितलं, सहीसकट. त्यानं विचारलं, "म्हंजे ड्रायवर ठिवणार?" मी हो म्हटलं. तो विचार करून म्हणाला, "ड्रायवर काय हितं गाडी आणनार न्हाय. तो आपल्या वळखीच्याकडंच न्हील." आणि त्यानं पाने काढले. मला वाटलं होतं, त्याला माझी दया आली. नाही, तो एक कायमचं गिऱ्हाईक वाचवत होता. मला ते जास्त आवडलं.

मी माहितीपुस्तक पुढे केलं. ते त्यानं हातानं बाजूला सारलं. पुस्तकात बघून इंजिन होत नसतं, म्हणाला. त्याची स्वतःची पद्धत होती. झाकण काढल्यावर वरचं आणि खालचं दातेरी चाक दिसलं. त्यानं डबीतला चुना बोटावर घेतला आणि दोन्ही चाकांवर आणि त्यांच्यासमोर इंजिनाच्या अंगावर, जिथे दाता जुळत होता तिथे पांढरे ठिपके लावले. नवा पट्टा चढवताना ठिपक्याला ठिपका जुळवला की झालं. बोल्ट निघतील तसे तो गोणपाटावर मांडत गेला. मला त्या मांडणीत काहीच क्रम दिसत नव्हता. लांब, आखूड, आखूड, पुन्हा लांब.

जुना पंप निघाला. तो नमुना म्हणून न्यायचा, आणि नेणार कोण? मिस्त्रीला एका लॉरीचं काम होतं. मी गाडी सोडून जायला तयार नव्हते. आक्कानं पंप कापडी पिशवीत घातला, भिजका पट्टा वर ठेवला आणि म्हणाली, "मी जाते की. कोल्हापूर काय इलायत हाय?" पाकीट फाडून मी तिला पाचशे एक रुपये आणि पर्समधले थोडे दिले. आमच्या भावाच्या घराच्या आहेराचं पाकीट मी फाडलं, तेव्हा ती फक्त एवढं म्हणाली, की चिकटवून दिलं म्हणजे लई विश्वास हाय तुझ्यावर.

तीनच्या बसनं ती गेली. मिस्त्री लॉरीकडे गेला. आणि मी एकटी राहिले, समोर गोणपाटावर तेलकट बोल्ट आणि इंजिनावर पांढरे डाग.

पुढचं लिहायला हात वळत नाही. कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता, चिंध्या होत्या. मला वाटलं, माणूस आपल्यासाठी एवढं करतोय, आपण निदान आवराआवर करावी. मी सगळे बोल्ट रॉकेलमध्ये धुतले, पुसले आणि उंचीप्रमाणे रांगेत लावले, शाळेत प्रार्थनेला उभे करतात तसे. मग इंजिनाकडे वळले. चुना, काळं तेल, सगळं स्वच्छ पुसून काढलं. पुसताना वरचं चाक थोडं फिरलं. मला वाटलं, चाकच ते, फिरायचंच. त्या ठिपक्यांचं महत्त्व मी तासापूर्वी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण हातात चिंधी आली की माझे कान काम करत नाहीत.

मिस्त्री आला. तो गोणपाटाकडे बघत राहिला. मग इंजिनाकडे. मग माझ्या हातातल्या चिंधीकडे.

"बाई," तो म्हणाला, "पुसलासा?"

"हो. फार घाण झाली होती."

तो उलट्या बादलीवर बसला. रागावला नाही, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. त्यानं सांगितलं, ते बोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच जागी मांडलेले होते, गोणपाटावर सगळं झाकणच मांडलं होतं म्हणा ना. आणि चाक फिरलंय, खुणा गेल्यात. एक दाता जरी चुकला, तरी इंजिन खोकत राहणार, आणि नशीब वाईट असलं तर आत काहीतरी वाकणार. आता खरंच बेळगावचा माणूस बोलवायला पाहिजे. पोस्ट अजून उघडं होतं. मी पर्स उचलली. शेडच्या दारापर्यंत गेलेही. तिथून परत आले ते काही धीटपणानं नव्हे. आजोबांना फोनवर काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि "मी पुसलं" हे वाक्य कोणत्याही भाषेत बरं दिसेना.

मिस्त्री अजून बादलीवरच होता. म्हणाला, "काढा ते बुक."

शुक्रवार संध्याकाळ

आम्ही उजेड होता तोवर पुस्तक वाचलं. तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, पण त्या पानावरचा एकही शब्द मला कळेना. मी शुद्ध मराठीत भाषांतर करून सांगू लागले: "ताण नियंत्रित करणारी कप्पी सैल करावी." मिस्त्री म्हणाला, "टेन्शनर म्हणा की सरळ." मग आमची घडी बसली. मी इंग्रजी जसंच्या तसं वाचायचं, शब्द त्यानं ओळखायचा आणि क्रियापद मी सांगायचं. वाक्याचा अर्थ दोघांत मिळून लागायचा. पुस्तकात होतं, की दोन्ही चाकांवर कारखान्यातच खुणा केलेल्या असतात, एक लहानसा खळगा. मिस्त्रीनं बॅटरी मारली. वरच्या चाकावर तो खळगा स्वच्छ दिसत होता. मी पुसलं म्हणून दिसत होता. मी ते बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, पुसलं नसतं, तर त्या खळग्याची गरजच पडली नसती.

आक्का दिवेलागणीला परतली. पंप आणि पट्ट्याचे मिळून पाचशे पंचवीस सांगितले होते, तिनं पाचशे दहाला आणले. दुकानदारानं गाडीचं साल विचारलं, मॉडेल विचारलं. तिनं जुना पंप काउंटरवर ठेवला आणि "असला दे, पर धड" एवढंच सांगितलं. नवा पंप तिनं कानाशी धरून फिरवून पाहिला, नारळ बघतात तसा, आणि पहिला परत करून दुसरा घेतला. पिशवीत वर भडंगाचा पुडाही होता, तो आणि बसचं भाडं तिच्या पदरचं.

मुक्काम मिस्त्रीच्याच घरी झाला. दोन खोल्या, स्वच्छ अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली मुलीच्या शाळेतलं प्रमाणपत्र. मुलगी धारवाडला नर्सिंग शिकत होती. त्याची बायको सुशीला विड्या वळत बसली होती. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, सगळं आमच्याशी बोलता बोलता, न बघता. तिच्या सुपात पानांचे तुकडे विखुरलेले होते. माझा हात नकळत पुढे गेला. आक्कानं तो मनगटाला धरला आणि सुशीलाबाईंना म्हणाली, "हिच्या म्होरं काय मांडून ठिवू नगा." दुपारची सगळी हकिगत मग आक्कानं मिस्त्रीकडून काढून घेतली आणि तिघं हसले. मीही हसले, थोडं उशिरा.

ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि दही असं जेवण होतं. आमच्याकडे पाहुण्याला आधी वाढतात आणि घरची बाई मागून जेवते. सुशीलाबाई आमच्याबरोबरच ताट घेऊन बसल्या. "दिवसभर वळून वळून भूक लागती, पाव्हण्यांच्या आदी बी लागती," म्हणाल्या. मी ही गोष्ट घरी येऊन सुरू केली आहे. आजोबांना अजून सवय झालेली नाही. बाळूसाठी आणलेल्या कुंद्यातला एक डबा मी तिथेच फोडला.

शनिवार

सकाळी काम सुरू झालं आणि नवी अडचण निघाली. या छोट्या गाडीत इंजिन आणि बाजूचा पत्रा यांत इतकी कमी जागा, की पंपाच्या खालच्या बोल्टापर्यंत मिस्त्रीचा हात जाईना. काल काढताना त्यानं लांब पान्यानं काढला होता, पण लावताना तो आधी बोटांनी धरून फिरवावा लागतो. त्यानं दोनदा सालटं काढून घेतली. मग माझ्या हाताकडे बघितलं.

मी बांगड्या काढून आक्काकडे दिल्या. हात आत घातला. काही दिसत नव्हतं, फक्त बोटांना लागत होतं. बोल्ट तीनदा खाली पडला. चौथ्यांदा दोन आटे बसले. मिस्त्री बॅटरी धरून "आवळू नगा, नुसता फिरवा" असं इतक्यांदा म्हणाला, की शेवटी आक्का म्हणाली, आता ती जन्मात काय आवळायची न्हाय.

बाकीचे बोल्ट कुठले कुठे, हे मात्र एकेक लावून बघावं लागलं. लांब बोल्ट आखूड भोकात, आखूड लांब भोकात. माझी ती सुरेख रांग मोडत गेली. मग दात्यांचा पट्टा खळगे जुळवून चढवला. पुस्तकात होतं, की इंजिन पान्यानं हातानंच दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का पाहावं. मिस्त्रीनं फिरवलं. एका दात्याचा फरक. पुन्हा सगळं काढलं, पुन्हा चढवलं, पुन्हा दोन फेरे. या वेळी वरचा खळगा आणि खालची खूण, दोन्ही बरोबर आली. आक्का तांदळाच्या पिशवीवर बसून माळ ओढावी तसे भडंग एकेक खात होती, तीही थांबली.

मी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. खोकलं नाही. आम्ही काट्याकडे बघत पंधरा मिनिटं तसेच उभे राहिलो. काटा मध्याच्या थोडा खालपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. बाहेरच्या पट्ट्यावर मिस्त्रीनं मला अंगठा दाबायला लावला. पट्टा थोडा आत गेला. मला तो अजूनही सैलच वाटला, पण मी मान डोलावली.

त्यानं मजुरीचे साठ रुपये सांगितले आणि गास्केट, ग्रीस यांचे अठरा. मी एकशे वीस अधिक अठरा दिले. त्यानं साठ परत केले, मी पुन्हा दिले. म्हटलं, एकदाचं काम तुमचं, दुसऱ्यांदाचं माझ्या पुसण्याचं. तो म्हणाला, दुसऱ्यांदाचा बोल्ट तर तुम्हीच लावलासा. पण मी ऐकलं नाही. माझ्यासारख्या बायकांना चूक मोडीत काढायची असेल, तर तिची पावती लागते. वाटेत बेचाळीस रुपयांचं पेट्रोल भरलं. पर्स उलटी करून मोजले, तर आहेराच्या आणि माझ्या मिळून सातशे एकातले अकरा रुपये उरले होते. ते मी नव्या पाकिटात घातले आणि चिकटवले.

दुपारी आम्ही बोरगावात शिरलो. बाळूनं विचारलं, काल का नाही आलात? आक्का म्हणाली, "निपाणीत पाव्हण्यांकडं राह्यलो." ते खोटं नव्हतं.

रविवार, बोरगाव

आजोबा अकराच्या बसनं आले. घामानं भिजलेले, पण खुशीत. गाडी दारात उभी पाहून त्यांनी तिला एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, "आलीस तर." मी म्हटलं, आले. संध्याकाळी सावकाश सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण आमच्या गावांकडे आहेर गुपचूप घेत नाहीत. लाउडस्पीकर लावतात, आणि कुणी किती दिले ते नावासकट वाचून दाखवतात. गावात वाढलेल्या बाईला हे माहीत असायला हवं होतं. मी शहरात राहून विसरले होते.

पुरुषांची पंगत बसलेली. आजोबांच्या पानात नुकताच लाडू पडलेला. माइकवरून बाळूच्या मित्राचा खणखणीत आवाज आला, "बेळगावचे मेहुणे आणि कुसुमताई, यांच्याकडून रुपये अकरा. पुन्हा सांगतो, अकरा."

त्यांनी लाडू खाल्ला. ताक प्यायले. हात धुतले. मग मागच्या अंगणात येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि हळू आवाजात विचारलं, "पाचशे एक होते ना?"

मी सगळं सांगितलं. क्रमानं, काही न वगळता. पट्टा ताणून घेतला तिथपासून चिंधीपर्यंत. बिल त्यांच्या हातात दिलं. ते कोर्टातल्या कागदासारखं त्यांनी वाचलं.

"मजुरी साठ लिहिली आहे. तू एकशे वीस दिलेस?"

"साठ पुसण्याचे."

"घरी कळवलं नाहीस."

"कळवलं असतं, तर किल्ली गेली असती." मग मी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, अट कळवण्याची होती, ती मी मोडली नाही. पण गाडी अडली ती माझ्यामुळे. लॉरीवाल्याला विचारलं, मिस्त्रीला विचारलं, आक्काला कोल्हापूरला पाठवलं, फक्त तुम्हाला कळवलं नाही. ही शब्दांची पळवाट आहे, आणि पळवाटेनं जिंकलेली किल्ली मला नको. ठेवा ड्रायव्हर.

खरं सांगते बाळांनो, हे बोलताना मला वाटत होतं, की ते लगेच "असू दे" म्हणतील. ते म्हणाले नाहीत. त्यांनी किल्ली घेतली आणि खिशात टाकली. संध्याकाळभर ती त्यांच्या खिशात होती. चालताना नाण्यांशी वाजत होती. मी भांडी घासायला बसले आणि बाळूच्या बायकोनं घासलेली पुन्हा घासली.

सोमवार

आक्का बोरगावला चार दिवस राहणार होती. मी माझी पिशवी भरून बसच्या वेळेची चौकशी करत होते, इतक्यात आजोबा बाहेर आले. धोतर, कोट, टोपी, छत्री. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"चौकशी केली मी काल. ड्रायव्हर महिना चारशे मागतो," ते म्हणाले. "वर जेवण. आणि इंजिन उघडायची वेळ आली, की तो बाजूला उभा राहणार. तू निदान हात घालतेस."

"मग पगार?"

"सहाशे अठ्ठेचाळीस उचल घेतलेली आहे. ती फिटेपर्यंत नाही." आणि त्यांनी मागचं दार उघडलं. मी म्हटलं, पुढे बसा की. तर म्हणाले, पुढे बसलं की लोकांना वाटतं बायको चालवते. मागे बसलं, तर ड्रायव्हर ठेवलाय असं दिसतं. आक्का ओसरीवर होती. ती म्हणाली, "भावजी, तो ड्रायवर लुगडं नेसतोय."

निपाणीपर्यंत ते पुढे वाकून काटा बघत होते. दर पाच मिनिटांनी विचारत होते, आता कुठे आहे. मी सांगत होते, तिथेच. वही मी काढली नाही. गॅरेजापाशी मी वेग कमी केला, मिस्त्री एका लॉरीखाली होता, त्याचे फक्त पाय दिसले. आजोबांनी त्या पायांकडे बघून नमस्कार केला.

मग घाट लागला. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. समोर तंबाखूच्या गाठींनी भरलेली लॉरी हळू चढत होती. ओलांडायची घाई मी केली नाही. वळणावर मागून काही विचारणा आली नाही, म्हणून मी आरशात बघितलं. ज्या गाडीत ते दोन वर्षं बसायला तयार नव्हते, तिच्या मागच्या सीटवर, छत्री दोन गुडघ्यांत धरून, तोंड उघडं टाकून, ते गाढ झोपले होते.